बिनव्याजी बँक : तत्त्व आणि व्यवहार

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बारावीचा निकाल लागला की दरवर्षी काही पालक शाळेत येतात आणि एकच प्रश्न विचारतात. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळतो आहे, मुलाचा अभियांत्रिकीला नंबर लागला आहे, फी भरायला पैसा नाही. बँक कर्ज देते, पण त्यावर व्याज आहे. गुरुजी, काय करावे? त्याच घोळक्यातला एखादा तरुण मग म्हणतो की आखाती देशांत तर इस्लामी बँका आहेत, तिथे व्याज नाही. आपल्याकडे तशी बँक निघाली की प्रश्नच मिटेल. दुसरा लगेच म्हणतो, ते सगळे नाटक आहे, व्याजाला नफा म्हणायचे एवढाच फरक. आज मी या वादाविषयी बोलणार आहे. मी आलिम नाही, मुफ्ती नाही. फतवा देणे हे माझे काम नाही. परंतु तत्त्व काय सांगते आणि व्यवहार काय होतो, हे समोरासमोर ठेवून पाहणे हे शिक्षकाचे काम निश्चितच आहे.

प्रथम तत्त्व पाहू. पवित्र कुरआनच्या सूरह बकरहमध्ये व्यापार वैध आणि रिबा, म्हणजे व्याज, निषिद्ध ठरविले आहे, हे आपणा सर्वांस ठाऊक आहे. परंतु तिथेच पुढे आणखी दोन गोष्टी आहेत, ज्यांची चर्चा आपण फार कमी करतो. एक म्हणजे, कर्जदार अडचणीत असेल तर त्याची परिस्थिती सुधारेपर्यंत त्याला मुदत द्यावी, आणि सोडूनच दिले तर ते अधिक चांगले. दुसरी म्हणजे, उधारीचा व्यवहार लेखी करावा, साक्षीदार ठेवावेत. म्हणजे एका बाजूला दया आणि दुसऱ्या बाजूला चोख हिशेब. या दोन्हींच्या मध्ये व्याजबंदी उभी आहे. पैगंबर साहेबांनी (स.) आपल्या अखेरच्या हजच्या प्रवचनात जुनी सर्व व्याजे रद्द केली, तेव्हा सर्वांत आधी रद्द केले ते स्वतःचे चुलते हजरत अब्बास यांचे येणे व्याज. सुधारणेची सुरुवात स्वतःच्या घरातून झाली, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता हे तत्त्व आपल्या वऱ्हाडी भाषेत समजून घेऊ. आपल्या तेल्हारा तालुक्यात शेत दोन रीतींनी दुसऱ्याला कसायला देतात. एक मक्त्याने, म्हणजे वर्षाची ठोक रक्कम ठरवून. पाऊस पडो न पडो, बोंडअळी येवो न येवो, मालकाची रक्कम ठरलेली. दुसरी रीत बटईची. पीक आले तर दोघांचे, बुडाले तर दोघांचे. जमीन मक्त्याने देणे शरियतीत बहुतेक इमामांनी मान्य केले आहे. तेव्हा मी तिला व्याज म्हणत नाही, केवळ समजण्यासाठी हे उदाहरण घेतो. पैशाच्या बाबतीत मात्र इस्लामचा कल स्पष्टपणे बटईकडे आहे. ज्याला नफ्यात वाटा हवा, त्याने तोट्याचीही तयारी ठेवावी. खैबरच्या जमिनी तेथील यहुदी शेतकऱ्यांकडेच अर्ध्या वाट्याने ठेवण्यात आल्या होत्या, हे इतिहासात नमूद आहे. व्यापारातल्या अशा भागीदारीला मुदारबा आणि मुशारका ही नावे आहेत. मुदारब्यात एकाचा पैसा व दुसऱ्याचे श्रम. मुशारक्यात दोघांचाही पैसा. ज्याला व्यापार करायचा नाही, केवळ गरज भागवायची आहे, त्याच्यासाठी कर्जे-हसना, म्हणजे जेवढे घेतले तेवढेच परत करण्याचे कर्ज.

या तत्त्वावर आधुनिक काळात पहिला गाजलेला प्रयोग झाला तो एखाद्या श्रीमंत राजधानीत नव्हे, तर आपल्यासारख्याच कापसाच्या मुलखात. इजिप्तमध्ये नाईलच्या त्रिभुज प्रदेशात मीत घम्र नावाचे गाव आहे. तिथे १९६३ साली डॉ. अहमद अल्-नज्जार यांनी एक बचत बँक काढली. ते जर्मनीत शिकलेले होते आणि तेथील गावोगावच्या बचत बँकांचा नमुना त्यांच्यासमोर होता. शेतकरी, कारागीर, छोटे दुकानदार यांची लहान लहान बचत गोळा करायची आणि त्याच भागात बिनव्याजी कर्जे व भागीदारी यांसाठी वापरायची, अशी तिची पद्धत होती. नावात इस्लाम हा शब्दही नव्हता. १९६७ साली सरकारी धोरणामुळे हा प्रयोग आटोपला. परंतु व्याजाशिवाय बँक चालू शकते, हे दिसून आले.

पुढे १९७५ साली जेद्दाहची इस्लामी विकास बँक आणि दुबई इस्लामी बँक सुरू झाली. तेलाचा पैसा आला आणि बँका मोठ्या झाल्या. आज जगभरात या क्षेत्राची मालमत्ता तीन लाख कोटी डॉलरांहून अधिक आहे. आता आपला मूळ प्रश्न विचारू. या बँकांत बटई किती आणि मक्ता किती?

फळ्यावर गणित मांडतो. एका तरुणाला दोन लाख रुपयांचा मालवाहू ऑटो घ्यायचा आहे. साधी बँक त्याला दोन लाख देते, दोन वर्षांचे सरळव्याज दरसाल दहा टक्के धरते. एकूण २,४०,००० रुपये, महिन्याचा हप्ता १०,०००. इस्लामी बँक काय करते? ती ऑटो स्वतः दोन लाखांना विकत घेते आणि त्या तरुणाला २,४०,००० रुपयांना उधारीवर विकते. हप्ता तोच, १०,०००. या पद्धतीस मुराबहा म्हणतात, आणि अनेक देशांतील इस्लामी बँकांचा मोठा व्यवहार याच व अशाच ठरीव रकमेच्या पद्धतींवर चालतो. शिवाय नफ्याचा आकडा ठरविताना बाजारातील चालू व्याजदरच समोर ठेवला जातो.

तेव्हा सामान्य माणूस म्हणतो की दोन्ही एकच. न्यायाने बोलायचे तर दोन्ही अगदी एक नाहीत. मुराबह्यात बँकेने वस्तू आधी स्वतःच्या मालकीची करावी लागते. तेवढ्या अवधीत तिचे नुकसान झाले तर ते बँकेचे. एकदा किंमत ठरली की ती वाढत नाही. हप्ता चुकला म्हणून व्याजावर व्याज चढत नाही, आणि उशिराचा दंड घेतलाच तर तो दानधर्मात द्यावा लागतो. दारू-जुगारासारख्या धंद्यांना पैसा देता येत नाही. सावकाराच्या चक्रवाढीने ज्यांच्या आजोबांची शेते गेली, त्यांना हा फरक क्षुल्लक वाटणार नाही. आपल्या देशातील जुन्या धर्मशास्त्रानेही दामदुपटीचा नियम घालून व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये असे बंधन घातले होते, आणि महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यातही ते तत्त्व आहे. कर्जदाराला अमर्याद पिळू नये, ही जाण कोणा एका धर्माची मिरास नाही.

परंतु अडचण इथून पुढे आहे. ऑटो घेतलेल्या तरुणाचा पावसाळ्यात धंदा बसला तर? साधी बँक १०,००० मागते, इस्लामी बँकही १०,००० मागते. बटईच्या न्यायाने मात्र त्या महिन्यात चार हजारच सुटले असतील तर त्या चार हजारांचीच वाटणी व्हायला हवी, आणि पंधरा हजार सुटले तर बँकेचा वाटाही वाढायला हवा. म्हणजे कागदाच्या कसोटीवर मुराबहा उतरतो. हेतूच्या कसोटीवर तो अर्धाच उतरतो.

हे मी एकटा म्हणत नाही. या विषयातील थोर जाणकारांनीच ते म्हटले आहे. आपल्या अलीगढ विद्यापीठात अध्यापन केलेले डॉ. मुहम्मद नजातुल्लाह सिद्दीकी (१९३१-२०२२) यांनी बिनव्याजी बँकेची शास्त्रशुद्ध मांडणी केली आणि १९८२ साली त्यांना किंग फैसल पुरस्कार मिळाला. भागीदारीच्या तत्त्वापासून आणि गोरगरिबांच्या हितापासून हे क्षेत्र दूर जात आहे, ही चिंता त्यांनी पुढे स्वतःच व्यक्त केली. सुकूक नावाची जी रोख्यांसारखी भागपत्रे निघतात, त्यांपैकी बहुसंख्य भागपत्रे मूळ रक्कम परत देण्याची हमी घेत असल्याने शरियतीत बसत नाहीत, असे मुफ्ती तकी उस्मानी यांनी २००७ साली स्पष्ट सांगितले. रोख पैसा हातात यावा म्हणून बँकेनेच एखादी धातू उधारीवर विकायची आणि लगेच ग्राहकाच्या वतीने ती कमी किमतीला रोखीने विकून द्यायची, असा एक प्रकार आहे; त्याला संघटित तवर्रुक म्हणतात. २००९ साली शारजा येथे आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने तो नाजायज ठरविला. पाकिस्तानात तर १९८० नंतरच्या काही वर्षांत बँकांतून व्याज हा शब्द काढून ‘मार्क-अप’ हा शब्द घातला गेला. १९९१ साली तेथील फेडरल शरियत न्यायालयाने प्रचलित मार्क-अप हे व्याजच आहे, असा निकाल दिला. शब्द बदलला म्हणजे वस्तू बदलत नाही, हा त्याचा अर्थ.

मग या बँका बटई का करीत नाहीत? इथे केवळ बँकांना दोष देऊन चालणार नाही. तुरीची रास खळ्यावर पडते ती सगळ्या गावाला दिसते; मालकाला फसविणे सोपे नसते. दुकानाचा नफा मात्र वहीत असतो, आणि वह्या दोन असू शकतात. एक दाखवायची, एक ठेवायची. बँकेने हजार दुकानांत भागीदारी केली आणि नऊशे जणांनी तोटा दाखविला तर ठेवीदारांचा पैसा कुठून द्यायचा? आणि ठेवीदार तरी कोण? आपणच. आपल्यालाही पैसा हलाल हवा, पण तोट्याचा वाटा नको. अशा ठेवीदारांची आणि अशा कर्जदारांची बँक शेवटी मुराबह्यावरच येऊन थांबते. भागीदारीसाठी भांडवलाच्या आधी खरा हिशेब लागतो, आणि तो कोणतीही बँक परदेशातून आणून देऊ शकत नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडे पूर्ण इस्लामी बँक नाही. १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याने बँकेला स्वतः मालाचा व्यापार करता येत नाही. म्हणजे मुराबहाही अडतो. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासगटाने २००६ साली चालू कायद्यांत हे शक्य नाही असे सांगितले. २००८ साली डॉ. रघुराम राजन समितीने बिनव्याजी सेवेचा विचार व्हावा अशी शिफारस केली. २०१५ साली दीपक मोहंती समितीने साध्या बँकांतच बिनव्याजी खिडकी उघडावी असे सुचविले. परंतु २०१७ साली रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरविले. सर्व नागरिकांना बँकसेवेची व्यापक व समान संधी उपलब्ध आहे, असे कारण दिले गेले.

आपल्या महाराष्ट्रात मात्र लहान प्रयत्न झाले आहेत. मुंबईत १९७६ साली बैतुन नस्र ही बिनव्याजी सहकारी पतसंस्था सुरू झाली. उत्तर प्रदेशात देवबंद व नजीबाबाद येथील मुस्लिम फंड हे १९६१ व १९७१ चे. अमानत म्हणून बचत घ्यायची, दागिना तारण ठेवून छोटे कर्ज द्यायचे आणि कामकाजाच्या खर्चापुरती फी घ्यायची, अशी या फंडांची सर्वसाधारण रीत. २०१६ साली सोलापूरच्या लोकमंगल सहकारी बँकेने आपल्या बार्शी शाखेत बिनव्याजी ठेव व बिनव्याजी कर्जाचा विभाग उघडला, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याची देशभर बातमी केली.

आणि सर्वांत मोठे बिनव्याजी कर्ज तर आपल्या शेतकऱ्यांच्या दारातच आहे! सेवा सोसायटीचे पीककर्ज वेळेवर फेडले, तर केंद्राची सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून ३ लाखांपर्यंत शेतकऱ्याला व्याज पडू नये, अशी व्यवस्था २०२१ साली करण्यात आली. बँकेला व्याज मिळतेच. ते सरकार भरते. शरियतीच्या दृष्टीने याचा निवाडा उलेमांनी करावा. मी त्यातून एक व्यावहारिक धडा घेतो. बिनव्याजी कर्ज फुकट नसते. त्याचा खर्च कोणी तरी सोसावा लागतो, एक तर सरकारने, नाही तर समाजाने.

इथे पालकांना एक इशारा दिल्याशिवाय राहवत नाही. आपल्या श्रद्धेचा बाजार मांडणारेही आहेत. बंगळूरची आय मॉनेटरी ॲडव्हायजरी ही कंपनी २००६ पासून हलाल गुंतवणुकीच्या नावाने पैसा गोळा करीत होती. २०१९ साली ती कोसळली, तिचा चालक आधी देशाबाहेर गेला आणि नंतर अटकेत आला. हजारो साध्याभोळ्या कुटुंबांची पुंजी अडकली. अशा वेळी ओळखायचे कसे? खूण सोपी आहे. कोणी दरमहा ठरावीक नफ्याची हमी देत असेल, तर शरियतीच्या हिशेबाने ते व्याजच आहे आणि व्यवहाराच्या हिशेबाने बहुधा फसवणूक आहे. ज्यात तोट्याचा उल्लेखच नाही, त्या धंद्याच्या नावापुढे कोणताही पवित्र शब्द असो, दूर राहावे.

आता मूळ प्रश्नाकडे. बँक निघेल, कायदा बदलेल, तोवर त्या नर्सिंगला जाणाऱ्या मुलीने काय करावे? आपला समाज व्याजाच्या भीतीने शैक्षणिक कर्ज नाकारतो, हे एक वेळ समजू शकते. पण लग्नासाठी तोच माणूस कंपनीच्या गटातून चढ्या व्याजाने पैसा उचलतो, तेव्हा तत्त्व कुठे गेले? व्याजबंदीचा सगळा भार मुलांच्या, आणि त्यातही मुलींच्या शिक्षणावरच का पडावा? जो समाज मुलीला सांगतो की व्याजाचे कर्ज घेऊ नकोस, त्या समाजावर तिला बिनव्याजी कर्ज देण्याची जबाबदारी आपोआप येते. नाही तर आपण तिला धर्म शिकविला नाही, केवळ दार बंद केले.

म्हणून आज मी या व्यासपीठावरून एक सूचना मांडतो. आपल्या संस्थेने कर्जे-हसनाचा विद्यार्थी निधी सुरू करावा. त्याचे गणितही फार मोठे नाही. दोनशे घरांनी महिन्याला शंभर रुपये दिले तर महिन्याचे २०,००० आणि वर्षाचे २,४०,००० रुपये होतात. बारा विद्यार्थ्यांना प्रत्येकी २०,००० रुपये. पूर्ण फी भागणार नाही, पण प्रवेश हातचा जाणार नाही. हे विद्यार्थी कमावते झाले की तोच पैसा पुढच्या बारांकडे जाईल.

त्यासाठी काही पथ्ये पाळावी लागतील. निधी देणग्यांचा असावा, ठेवींचा नव्हे. परवानगीवाचून लोकांच्या ठेवी घेण्यास २०१९ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्य आहे. सुरुवातीलाच कायद्याच्या जाणकाराचा सल्ला घ्यावा. कर्ज लेखी असावे, दोन साक्षीदार असावेत. यात अविश्वास नाही, ती कुरआनची शिकवण आहे. कामकाजाचा खर्च संस्थेने सोसावा, कर्जाच्या रकमेवर टक्केवारीने काही घेऊ नये. कमावता होऊन वर्ष झाल्यावर परतफेड सुरू व्हावी; खरोखर अडचण असेल त्याला मुदत, आणि ज्याच्यावर आभाळ कोसळले त्याला माफी. आपल्या शाळेत शिकणाऱ्या कोणत्याही जातिधर्माच्या गरजू मुलाला हा निधी खुला असावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दरवर्षी याच स्मरणिकेत एक पान त्याच्या हिशेबाचे छापावे. किती आले, किती दिले, किती परत आले, किती माफ केले. विद्यार्थ्यांची नावे नकोत, पण आकडे पैशापैशाने हवेत. खळ्यावरची रास जशी सगळ्यांना दिसते, तसा हा हिशेब सगळ्यांना दिसावा.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हालाही दोन शब्द. उद्या तुमच्यापैकी कोणी चार्टर्ड अकाउंटंट होईल, कोणी बँकेत अधिकारी होईल, कोणी दुकान टाकेल. बिनव्याजी बँकेवर वाद घालणे सोपे आहे. तिच्यासाठी लागणारा माणूस होणे कठीण आहे. एकच वही ठेवणारा दुकानदार, घेतलेले कर्ज न मागता परत करणारा कर्जदार आणि दुसऱ्याच्या तोट्यात हात देणारा भागीदार जिथे असतील, तिथे बँकेच्या पाटीवर काय लिहिले आहे याला फारसे महत्त्व उरणार नाही. आणि असे लोक नसतील, तर कितीही मोठी पाटी लावली तरी आत व्याजच सापडेल.

आजच्या इस्लामी बँका आपल्या तत्त्वाला जागतात का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे की कागदावर बव्हंशी जागतात, काळजाने थोड्याच जागतात. त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मात्र आपण आपला निधी उभा करून मिळवावा. सूचनेचा विचार अध्यक्ष महाशय आणि कार्यकारी मंडळ करतील, अशी आशा बाळगतो. 

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.